कचऱ्याच्या भरावभूमीसाठी जागेची तपासणी: पाच बोअर पुरतात का?

प्रश्न थोडक्यात असा: १२ हेक्टर जागा, वर २ ते ४ मीटर चिकणमाती, तिच्याखाली खडक. प्रत्येकी १० मीटरचे पाच बोअर घेतले. दोघांना ८ मीटरवर पाणी लागले, तीन कोरडे गेले. मातीच्या एका नमुन्याची पारगम्यता, म्हणजे पाणी आरपार जाऊ देण्याची क्षमता, प्रयोगशाळेत चांगली (कमी) आली आणि अहवालाने जागा योग्य ठरवली. भरावाचा तळ जमिनीपासून ५ मीटर खाली धरला आहे. एवढी तपासणी पुरेशी आहे का?

नाही. आणि त्याचे कारण बोअरच्या संख्येच्याही आधी येते. तळ ५ मीटरवर म्हणजे ज्या चिकणमातीच्या जोरावर जागा पास झाली, ती सगळी तुम्ही उकरून बाहेर काढणार. खाली उरणार खडक, आणि त्या खडकाची एकही चाचणी झालेली नाही. तळ ५ वर, पाणी ८ वर, मध्ये ३ मीटर कोरडे अंतर, असे कागदावर दिसते. पण ती नोंद कोणत्या महिन्यातली? कोरड्या दिवसांतली असेल, तर पावसाळ्यात तेच पाणी तळाच्या वर येऊन, गळती अडवायला तळाशी घातलेल्या अस्तराला खालून रेटू शकते.

जागा चांगली असल्याचे सिद्ध करायला निघाले की असे अहवाल होतात. मी प्रश्न उलटा मांडतो. अस्तर फाटले आहे असे धरा. लीचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपून तळाशी साचणारे घाण पाणी, आता कोणत्या वाटेने, किती दिवसांत, कुणाच्या विहिरीत पोचेल? याचे उत्तर नकाशावर बोट ठेवून देता आले, तर तपासणी झाली.

सुरुवात कागदांपासून. भूशास्त्रीय नकाशा, समोच्च रेषांचा नकाशा, पूररेषा, जुन्या खाणींच्या नोंदी आणि वेगवेगळ्या वर्षांची, शक्यतो कोरड्या ऋतूतली उपग्रह छायाचित्रे जमवा. छायाचित्रात सरळ रेषेत दिसणारी हिरवळ किंवा नाल्याने अचानक घेतलेला सरळ, लांब मार्ग म्हणजे बहुतेक वेळा खडकातला भेगांचा पट्टा. या रेषा आताच आखून ठेवा, बोअरच्या जागा ठरवताना त्याच लागतील. खाली चुनखडक असेल आणि आसपास विवरे, खचलेले खड्डे किंवा एकदम गुप्त होणारे ओढे असतील, तर मी पुढे पैसे खर्च करायला सांगणार नाही. तिथे पाणी नळातून वाहावे तसे वाहते आणि कोणतेही निरीक्षण जाळे ते भरवशाने पकडत नाही.

मग जागा आणि भोवतालचा किमान एक-दोन किलोमीटरचा पट्टा पायी फिरायचा. प्रत्येक विहीर, बोअरवेल आणि झरा नोंदवायचा: खोली, पाण्याची पातळी, पंप किती तास चालतो, पाणी पिण्याला की शेतीला. पंपाचे तास अनेक जण सोडून देतात. वास्तविक उपसा जोरात असला की भूजलाचा प्रवाह नैसर्गिक उतार सोडून त्या विहिरीकडे वळतो.

चाचणी खड्डे स्वस्त आणि सर्वांत बोलके. यंत्राने ३ ते ४ मीटर खोल, जागेभर दहा-बारा खणा. आधार न लावलेल्या खड्ड्यात कुणी उतरायचे नाही, नमुना बकेटमधूनच घ्यायचा. भिंतीचा रंग नीट पाहा. वरची माती एकसारखी तपकिरी असते. खाली एका पातळीपासून राखाडी रंगात गंजासारखे नारिंगी ठिपके सुरू झाले, तर वर्षातला काही काळ पाणी तिथवर चढते. राखाडी भागात हवा पोचलेली नसते, गंजलेल्या भागात ती परत आत आलेली असते. खड्डा आज कोरडा असला तरी ही खूण पावसाळ्यातली पातळी दाखवून जाते. तुमच्याकडे ठिपके २ मीटरवर दिसले, तर ५ मीटरच्या तळाचा विचार तिथेच थांबवा. आकसणीच्या भेगा, मुळांची भोके आणि वाळूच्या बारीक पट्ट्याही पाहा. बोअरमधून निघालेल्या मातीत यातले काहीच कळत नाही.

आता बोअर. १०० मीटरच्या चौकटीने १२ हेक्टरला साधारण १२ बोअर बसतात. त्यात छायाचित्रातल्या संशयित रेषांवरचे वेगळे मिळवा. खोली जमिनीपासून मोजू नका, तळापासून मोजा. तळाखाली किमान १० मीटर, म्हणजे तुमच्याकडे १५, आणि दोन-तीन बोअर ३० मीटरपर्यंत. पाच बोअर १० मीटरवर थांबले म्हणजे तळाखालचे फक्त ५ मीटर दिसले. खडक लागला म्हणून लगेच थांबायचे नाही. ३ ते ५ मीटर सलग खडकात गेल्याशिवाय तो खडक आहे की मोठा धोंडा, हे ठरत नाही.

उभ्या बोअरची एक मूलभूत अडचण आहे. उभी भेग आणि उभा बोअर एकमेकांना समांतर जातात, त्यामुळे गाठ पडतच नाही. दोन बोअरना पाणी आणि तीन कोरडे, हा त्याचाच नमुना असावा. ज्यांना भेग सापडली त्यांना पाणी लागले. कोरड्या बोअरखाली पाणी नाही असा त्याचा अर्थ होत नाही. म्हणून दोन बोअर तरी आडव्याशी ६० अंशांचा कोन करून, संशयित रेषेला छेदतील असे तिरके घ्या. दुसरी शक्यता अशी की ८ मीटरवरचे पाणी एखाद्या घट्ट थरावर अडून राहिलेले असेल आणि खरी भूजल पातळी आणखी खाली असेल. दोन्हींतला फरक वेगवेगळ्या खोलीवर बसवलेल्या पिझोमीटरवरूनच (भूजल पातळी मोजायच्या नळ्यांवरूनच) कळतो.

ड्रिलरकडून तीन नोंदी हट्टाने करून घ्या: सकाळी काम सुरू करण्याआधी बोअरमधली पातळी, ड्रिलिंगसाठी आत सोडलेले आणि वर परत येणारे पाणी कोणत्या खोलीवर कमी झाले, आणि त्याचा रंग कुठे बदलला. ही फिरवलेल्या पाण्याची गळती म्हणजे फुकटात मिळालेली पारगम्यता चाचणी असते, पण दैनिक वहीत लिहिली नाही तर दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. शक्य तिथे दाट चिखल वापरू नका. तो भेगा लिंपतो आणि पुढच्या चाचण्या खोट्या घट्ट दाखवतो.

खडकाचा गाभा, म्हणजे बोअरमधून काढलेला लांब दंडगोल, पेटीत लावल्यावर ओला करून, खोलीच्या खुणांसह फोटो काढायचा. आरक्यूडी म्हणजे एका टप्प्यात मिळालेल्या १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब अखंड तुकड्यांची एकूण लांबी भागिले त्या टप्प्याची लांबी. ड्रिलिंगने ताजे मोडलेले तुकडे जोडून मोजायचे. ८५ टक्के आरक्यूडी वाचून लोक निर्धास्त होतात. तो आकडा खडकाच्या मजबुतीसाठी ठीक आहे, पाण्याला मात्र एकच उघडी भेग पुरते. म्हणून प्रत्येक भेगेचे तोंड पाहा. पांढरे कॅल्साइट गच्च भरले असेल तर पाण्याची वाट बंद झालेली आहे. दोन्ही तोंडांवर गंजाचा तपकिरी थर किंवा ओली माती असेल, तर तिथून पाणी फिरते आहे. आणि पेटीत जिथे गाभा मिळालाच नाही, तिथे मोकळी जागा सोडून लाकडी ठोकळा ठेवायला सांगा. वाहून गेलेला भाग सर्वांत भुसभुशीत असतो, आणि बहुतेकदा तीच लीचेटची वाट.

खडकाची पारगम्यता जागेवरच मोजायची. बोअरचा ३ ते ५ मीटरचा तुकडा वर-खाली रबरी पॅकरने बंद करून त्यात दाबाने पाणी सोडतात. दाब पाच टप्प्यांत: कमी, मध्यम, जास्त, मध्यम, कमी, प्रत्येक टप्पा साधारण १० मिनिटांचा. उतरत्या टप्प्यांत पाणी चढत्यापेक्षा जास्त गेले तर भेगेतली माती वाहून गेली, कमी गेले तर भेगा भरल्या. फक्त सर्वाधिक दाबाला उडी दिसली तर दाबाने भेगा उघडल्या. उथळ भागात हे सहज होते, म्हणून दाब दर मीटर खोलीला साधारण ०.२३ बारच्या आत ठेवतात. उत्तर ल्युजॉनमध्ये येते: १० बार दाबाला, एका मीटर लांबीत, मिनिटाला १ लिटर म्हणजे १ ल्युजॉन.

इथे धरणांच्या कामातून आलेले लोक फसतात. १ ल्युजॉनचा खडक धरणाच्या पायाला उत्तम घट्ट. पण १ ल्युजॉन म्हणजे ढोबळमानाने सेकंदाला १३० नॅनोमीटर. भरावभूमीच्या मातीच्या अडथळ्याला मागितली जाणारी पारगम्यता सेकंदाला १ नॅनोमीटर असते, म्हणजे धरणवाल्यांचा 'घट्ट' खडक इथे १३० पट सैल ठरतो. युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशात हाच १ नॅनोमीटरचा निकष आहे: साध्या कचऱ्याखाली किमान १ मीटर जाडी, घातक कचऱ्याखाली ५ मीटर. नैसर्गिक थर तेवढा नसेल तर कृत्रिम अडथळा रचता येतो, पण तो अर्ध्या मीटरपेक्षा पातळ चालत नाही. तुमच्या देशाचा निकष वेगळा असू शकतो, तो आधी पाहा.

या निकषाचा अर्थ समजून घेण्यासाठी एक हिशोब. १ मीटर जाड थर, वर ३० सेंटिमीटर लीचेट. पाण्याचा उतार (पाण्याच्या पातळीतला फरक भागिले थराची जाडी) १.३. एका हेक्टरमधून दिवसाला सुमारे १,१०० लिटर झिरपते, आणि ०.४ सच्छिद्रता (थरातल्या पोकळ्यांचा वाटा) धरली तर पाण्याला तो थर ओलांडायला जवळपास १० वर्षे लागतात. पारगम्यता फक्त दहापट वाढली, तर ११,००० लिटर आणि एक वर्ष. एका नमुन्याच्या चाचणीवर हा फरक सोडता येत नाही.

शिवाय प्रयोगशाळेतला आकडा हा बांगडीएवढ्या नमुन्याचा असतो. भेगा आणि मुळांची भोके त्यात येत नाहीत, त्यामुळे जागेवरची पारगम्यता दहापट, कधी शंभरपटही जास्त निघते. चाचणीतही दोन पळवाटा आहेत. नमुना पूर्ण संपृक्त केला (पाण्याने भरला) नाही तर अडकलेली हवा पाणी अडवते. वेळ वाचवायला पाण्याचा उतार ३० च्या पुढे नेला तर नमुना दाबला जातो. दोन्हींत उत्तर खोटे चांगले येते. अहवालात संपृक्ततेची नोंद आणि वापरलेला उतार नसेल, तर तो आकडा धरू नका.

तुमच्या चिकणमातीचा खरा उपयोग आहे तो अस्तरासाठी, त्यामुळे ती टाकू नका. पण तिचीही स्वतंत्र तपासणी हवी. बारीक कण (०.०७५ मिमीखालचे) निदान २० ते ३० टक्के, प्लॅस्टिसिटी इंडेक्स (किती ओलाव्याच्या पट्ट्यात माती मळता येते त्याचा आकडा) ७ ते १० च्या वर, खडीचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आत, आणि सर्वांत मोठा खडा २५ ते ५० मिमीच्या आत. इंडेक्स ३० च्या पुढे गेला की माती कामगारांच्या फावड्याला चिकटते आणि वाळताना तडकते. प्रॉक्टर चाचणीत (कोणत्या ओलाव्याला कुटलेली माती सर्वांत घट्ट बसते ते दाखवणाऱ्या) मिळणाऱ्या सुयोग्य ओलाव्यापेक्षा थोडी जास्त ओली, साधारण ४ टक्क्यांपर्यंत, ठेवून कुटायची. कोरडी कुटली तर घनता भरते, पण ढेकळे मोडत नाहीत आणि पाणी ढेकळांमधून जाते. घनतेचा आकडा पास, पारगम्यता नापास, असा प्रकार नेहमी यातूनच होतो. एका हेक्टरला १ मीटर थर म्हणजे कुटलेली १०,००० घनमीटर माती. मोजलेल्या साठ्यातून दगड, मुळांचा थर आणि कुटताना होणारी घट वजा करूनच पुरेल का ते ठरवा. शेवटी, काही नमुन्यांवर साध्या पाण्याऐवजी खरे किंवा तसेच बनवलेले लीचेट चालवून पाहा. क्षारांनी आणि कॅल्शियमने काही चिकणमाती, विशेषतः बेंटोनाइट (पाण्यात खूप फुगणारी माती), आकसते आणि पारगम्यता वाढते.

वजनाचाही विचार हवा. कचऱ्याचे वजन घनमीटरला १० किलोन्यूटन धरले, तर ३० मीटर उंचीखाली ३०० किलोपास्कल दाब येतो. तळाखाली कुठे मऊ गाळाचा पट्टा निघाला आणि मधला भाग ५० मीटर अंतरात कडेपेक्षा १ मीटर जास्त खचला, तर लीचेट वाहून जाण्यासाठी दिलेला २ टक्क्यांचा उतार संपला. पाणी मध्ये साचणार. म्हणून मऊ थर निघाल्यास अविचलित (न विस्कटलेल्या) नमुन्यांवर संघनन चाचणी (वजनाखाली माती किती दबते ते पाहणारी) करा. खाली दाबाखालचे पाणी असेल तर खोदाईचाही हिशोब करा. तळाखाली ३ मीटर माती उरली तर तिचे वजन साधारण ६० किलोपास्कल. खालच्या पाण्याचा दाब ७ मीटरचा असेल तर सुमारे ६९. तळ फुगून फुटेल.

पिझोमीटर किमान सहा, त्यांपैकी दोन ठिकाणी उथळ-खोल जोड्या. १५० मिमीच्या बोअरमध्ये ५० मिमीचा, आट्यांनी जोडलेला पीव्हीसी पाइप (डिंक लावायचा नाही, त्यातले द्रावक नमुन्यात उतरते). जाळीचा भाग १.५ ते ३ मीटर, भोवती धुतलेली वाळू जाळीच्या अर्धा मीटर वरपर्यंत, तिच्यावर पाऊण ते १ मीटर बेंटोनाइटच्या गोळ्या, त्या काही तास फुगू द्यायच्या, मग खालून वर सिमेंट-बेंटोनाइट ग्राउट (पातळ, घट्ट होणारे मिश्रण). गोळ्या एकदम ओतल्या तर मध्येच अडकतात आणि खाली पोकळी राहते. दर काही बादल्यांनंतर वजन बांधलेल्या फितीने खोली तपासा. जाळी लांब ठेवण्याचा मोह टाळा. १० मीटर जाळी दोन जलधर (पाणी धरणारे थर) जोडते, पातळी दोघांची सरासरी दाखवते आणि नमुन्यात घाण पाणी स्वच्छ पाण्यात विरून जाते.

पाइपच्या तोंडाची पातळी सर्वेक्षणाने मिलिमीटरपर्यंत घ्या. २०० मीटरवर भूजल फक्त ४० सेंटिमीटर उतरत असेल, तर एका पिझोमीटरच्या १० सेंटिमीटर चुकीने प्रवाहाची दिशा बरीच फिरते. मग 'वरच्या बाजूची' म्हणून निवडलेली विहीर खालच्या बाजूला निघते, आणि पुढची सगळी तुलना वाया जाते. पातळ्या वर्षभर, महिन्याला एकदा तरी. स्वयंचलित नोंदक असेल तर हवेच्या दाबाची वजावट करायला विसरू नका. जोडीतल्या खोल पिझोमीटरची पातळी उथळापेक्षा कमी असेल तर पाणी खाली उतरते आहे, म्हणजे घाणही उतरेल.

वेगाचा हिशोब डार्सीच्या नियमाने: पारगम्यता गुणिले उतार, भागिले परिणामकारक सच्छिद्रता (ज्यातून पाणी खरोखर वाहते त्या पोकळ्यांचा वाटा). दिवसाला ०.८६ मीटर पारगम्यता आणि ०.०१ उतार घ्या. वाळूत सच्छिद्रता ०.२, वेग वर्षाला सुमारे १६ मीटर. भेगाळ खडकात ती ०.०१, वेग वर्षाला ३१५ मीटर. बाकी काही न बदलता वीसपट. अहवालात खडकासाठी ०.२ किंवा ०.३ वापरलेले दिसले की समजा, आकडा मातीच्या कोष्टकातून उचलला आहे.

पार्श्वभूमीची रसायने कचरा पडण्याआधी वर्षभर, निदान चार ऋतुमानांत मोजा: पीएच, विद्युतवाहकता, क्लोराइड, अमोनिया, नायट्रेट, पोटॅशियम, बोरॉन, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप), जड धातू. नंतर शेजारच्या विहिरीत नायट्रेट सापडले तर ते खताचे की कचऱ्याचे, हा वाद याच आकड्यांवर सुटतो. ५० मिमी पाइपमध्ये दर मीटरला सुमारे २ लिटर पाणी असते. ८ मीटरच्या स्तंभाला १६ लिटर, त्याच्या तिप्पट उपसून आणि पीएच व वाहकता स्थिरावल्यावरच नमुना घ्या. धातूंचा नमुना ०.४५ मायक्रॉन गाळणीतून काढून नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणायचा. आम्ल आधी आणि गाळणी नंतर झाली तर मातीतले धातू विरघळतात आणि पार्श्वभूमीच दूषित दिसते. धन आणि ऋण आयनांची बेरीज ५ टक्क्यांच्या आत जुळते का ते स्वतः पाहा, प्रयोगशाळेवर सोडू नका.

वायूची पार्श्वभूमीही घ्या. तुमचा तो ३ मीटरचा कोरडा भेगाळ खडक मिथेनला मोकळी वाट आहे, आणि हवेत ५ ते १५ टक्के मिथेन स्फोटक असतो. जमीन ओली होऊन वरून बंद झाली आणि हवेचा दाब उतरला की तो आडवा दूर जातो. हद्दीवर वायू-नळ्या लावून आधीचे आकडे घ्या, जवळ दलदल किंवा कोळशाचे थर असतील तर नक्कीच.

भूभौतिक सर्वेक्षण (जमिनीत वीज किंवा कंपने सोडून आतले थर ओळखणे) बोअरच्या मधली जागा भरायला चांगले, बोअरऐवजी नाही. विद्युत रोधकतेत चिकणमाती आणि खारे पाणी सारखेच दिसतात. अपवर्तन पद्धतीला टणक थराखालचा मऊ थर दिसत नाही.

नवीन काम सुरू होण्याआधी ते जुने पाच बोअर शोधून काढा. मोकळ्या वाळूने बुजवलेला १०० मिमीचा एकच बोअर, त्यावर लीचेट साचले तर, दिवसाला जवळपास ६८० लिटर खाली सोडू शकतो, म्हणजे वरच्या हिशोबातल्या अख्ख्या हेक्टरच्या झिरपीच्या निम्म्याहून जास्त. प्रत्येक बोअर पुन्हा तळापर्यंत मोकळा करा, नळी तळाशी टेकवून सिमेंट-बेंटोनाइट ग्राउट खालून वर भरा, दुसऱ्या दिवशी ते किती बसले ते पाहून वरून भर घाला. किती ग्राउट गेले ते लिहून ठेवा. १०० मिमीच्या १० मीटर बोअरला सुमारे ८० लिटर लागायला हवेत. २०० लिटर गेले, तर जास्तीचे १२० भेगांत गेले आहेत, आणि पहिली पॅकर चाचणी त्याच जागेजवळ घ्या.